उतारा आणि टिपण

हुडकेश्वरच्या आपल्या शाळेत नववीच्या मुलांकडून आम्ही दरवर्षी एक छोटा शोधनिबंध लिहून घेतो. यंदा वह्या तपासताना पानोपानी एकच सुरुवात आढळली : 'बाबासाहेब म्हणतात...' कुठे म्हणतात, असे विचारले तर उत्तर आले, "सर, मोबाईलवर होते." मुलांना बोल लावण्याआधी आम्ही स्वतःकडे पाहिले. वर्षानुवर्षे वर्गात 'नोट्स' सांगून त्या उतरवून घेणारे आम्हीच. आणि चौदा एप्रिलच्या व्यासपीठावरून तरी आपण संदर्भ देतो काय?

आता आम्ही वर्गात बाबासाहेबांचाच शोधनिबंध घेतो. 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचला, तेव्हा त्यांचे वय अवघे २५ होते. जातीविषयी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या त्यांनी आधी त्या त्या लेखकाच्या नावानिशी मांडल्या आणि मग एकेक तपासली. नेसफील्ड परिणामालाच कारण समजतात. केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, जन्माने सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी, मुळात एकच आहेत. दुसऱ्याचे मत कुठे संपते व बाबासाहेबांचे कुठे सुरू होते, हे वाचकाला क्षणभरही शोधावे लागत नाही.

म्हणून आम्ही वहीच्या पानावर उभी रेघ मारायला सांगतो. डावीकडे लेखक, ग्रंथ, खंड, पृष्ठ व त्याचे म्हणणे. शब्दशः घेतले असेल तर अवतरणचिन्हात. उजवीकडे आपले मत किंवा शंका. उजवी बाजू कोरी राहिली तर तो नुसता उतारा. नागपूरचेच वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. मूळ ठिकाण सापडेपर्यंत कोणतेही वाक्य त्यांच्या नावावर घालायचे नाही.

परीक्षेत याला गुण नाहीत, ही काही पालकांची तक्रार खरी आहे. परंतु आपल्या मुलांचे लेखन इतरांपेक्षा अधिक कठोरपणे तपासले जाते. एक बनावट अवतरण सापडले की नऊ खरी अवतरणेही संशयात जातात.

एका मुलीने आजीची दीक्षाभूमीची आठवण टिपली. लहानपणी आईचे बोट धरून आपण १५ तारखेला दीक्षा घेतली, असे आजी म्हणाल्या. मुलीने ते खोडून '१४ ऑक्टोबर १९५६' असे लिहिले. उशिरा पोहोचलेल्यांना दुसऱ्या दिवशीही दीक्षा दिली गेली होती, हे तिला ठाऊक नव्हते. आता डावीकडे आजींचे वाक्य पुन्हा आले आहे, आणि उजवीकडे तिचा प्रश्न : "आजी, तुम्हाला पोहोचायला उशीर का झाला होता?"