पन्नाशीनंतरची मोटारसायकल

आपल्या व्यवसायात छंदांची वानवा नाही. कुणी गाणे शिकतो, कुणी बाग फुलवतो, कुणी जुनी नाणी जमवतो. आणि त्यांचे कौतुकही होते. मात्र पन्नाशी ओलांडलेला बालरोगतज्ज्ञ रविवारी पहाटे मोटारसायकल बाहेर काढतो, तेव्हा लोक काळजीने विचारतात, "डॉक्टरसाहेब, दारात मोटार असताना हे कशाला?" या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी गाडी जुनी येझदी. इंदूरला शिकत असताना घेतलेली आणि मोटार आल्यानंतर वीसएक वर्षे ओसरीत झाकून ठेवलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील उत्पादन १९९६ मध्ये थांबले. पुढे जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या रूपात बाजारात परतले. त्याच सुमारास माझी जुनी सोबतीणही दुरुस्त होऊन रस्त्यावर आली. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालावे, किक मारावी, आणि तोच दांडा पुढे आणून गिअर टाकावा, एवढ्यातच मन प्रसन्न होते.

एका रविवारी उत्तरेला असीरगड, तर दुसऱ्या रविवारी दक्षिणेला इच्छापूर. १६०१ मध्ये अकबराच्या हाती आलेला तो गड मोटारीच्या काचेतूनही दिसतो. पण सातपुड्याचा चढ लागल्यावर हवेत उतरणारा गारवा आणि केळीच्या बागांतून येणारा ओल्या मातीचा वास काचेआड पोहोचत नाही. दोन्ही हात हँडलवर असल्याने भ्रमणध्वनीही घेता येत नाही. तातडीचे रुग्ण त्या वेळेपुरते सहकारी मित्र पाहतात. ज्याला दिवसभर इतरांच्या हाकेला धावायचे असते, त्याला आठवड्यातून दोन तास असे निर्हेतुक मिळणे ही चैन नव्हे, ती गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या भटकंतीचा एक अनपेक्षित लाभही झाला. केसपेपरवर नुसती नावे असलेली गावे आता मला रस्त्यासकट ठाऊक आहेत. तापाने फणफणलेले बाळ पदराखाली घेऊन दुचाकीवर आलेली आई किती खड्डे आणि किती ऊन सोसून आली, हे मला अंगाने कळते. "तीन दिवसांनी दाखवा" असे लिहिण्यापूर्वी "कशाने आलात?" हा प्रश्न आपोआप तोंडी येतो.

राहिला धोक्याचा मुद्दा. तो खोटा नाही. हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा २००८ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट, चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असा केंद्रीय नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तरीही आपल्या शहरात लहान मुले पेट्रोलच्या टाकीवर बसून शाळेत जाताना दिसतात. अशा बापाशी मोटारीतून उतरून बोलणे वेगळे आणि स्वतःचे हेल्मेट हातात धरून बोलणे वेगळे. दुसऱ्या वेळी तो उपदेश राहत नाही. एका चालकाने दुसऱ्याला दिलेला सल्ला होतो आणि तो ऐकला जातो.

म्हणूनच माझे नियम कडक आहेत: रात्रपाळीनंतर गाडीला हात लावायचा नाही, अंधारात चालवायची नाही, कुणाशी शर्यत लावायची नाही. वय वाढल्यावर प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, हे आपण डॉक्टरांनी तरी विसरू नये. वेगाची हौस तरुणपणी असते. संथ जाण्यातला आनंद पन्नाशीनंतरच कळतो.

ज्या मित्रांच्या ओसरीत अशी एखादी जुनी गाडी धूळ खात असेल, त्यांनी ती जरूर पुसावी. कागदपत्रे व ब्रेक तपासून घ्यावेत आणि एका रविवारी सोबत यावे. स्वागत आहे, हेल्मेट मात्र ज्याने त्याने आपले आणावे.