सूट म्हणजे माफी नव्हे


शिक्षा माफ झाली की बंदुकीचा परवाना आपोआप मिळतो, हे आपल्या वाचकाचे म्हणणे पटत नाही. त्यांनी दिलेले, बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरलेले अभिनेते संजय दत्त यांचे उदाहरणच घ्या. दत्त यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश मार्कंडेय काटजूंनी मागितलेली माफी राज्यपालांनी २०१५ मध्ये फेटाळली. फेब्रुवारी २०१६ मधली त्यांची सुटका ही शिक्षेतली निव्वळ सूट. तिने दोषसिद्धी पुसली जात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ९ सांगते की, हिंसा वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्यास शिक्षा संपल्यावरही पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. पूर्ण माफीने ही आडकाठी हटली, तरी कलम १४ खाली परवाना नाकारता येतोच. म्हणून वसई-विरारकरांनी परवाना मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटांच्या भूलथापांना न फसता थेट पोलीस आयुक्तालयात चौकशी करावी.

– एक वाचक, वसई