मोठ्या परताव्याचे आमिष



आयकराची विवरणपत्रे भरण्याचे दिवस आले की 'तुमचा परतावा मंजूर झाला आहे, लिंकवर माहिती भरा' असे संदेश मोबाइलवर येऊ लागतात. त्याबद्दल फार लिहायला नको. परतावा पोर्टलवर नोंदवलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी आयकर खाते कुणाचा पिन किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गृहस्थाची. तो संदेश पाठवत नाही, ओळखीतून घरी येतो, चहा घेतो. "साहेब, एवढा कर कापला गेला? बराचसा परत आणून देतो, मला फक्त कमिशन द्या." प्रतापनगरात रेल्वेची विभागीय कचेरी आहे, त्यामुळे आपल्याकडे नोकरदार आणि पेन्शनर पुष्कळ. पगारातूनच कर कापला जाणारी अशीच माणसे तो गाठतो. मग विवरणपत्रात कधी न दिलेली देणगी येते, न घेतलेले शैक्षणिक कर्ज येते.

14 जुलै 2025 रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोहीम उघडली. त्यात महाराष्ट्र होता आणि आपला गुजरातही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असे मंडळाने सांगितले. आम्हाला बोचली ती दुसरीच बाब. हे दलाल विवरणपत्रांपुरते तात्पुरते ईमेल उघडत आणि नंतर सोडून देत. नोटीस तिकडे जाई, करदात्याला पत्ताच नसे! दलाल कमिशन घेऊन मोकळा; कर, व्याज आणि दंड मात्र पॅन ज्याचे त्याने भरायचा. हा दंड बुडवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो.

"सगळेच तर करतात" असे काहीजण म्हणतात. परीक्षेत कॉपी करताना सापडलेला मुलगाही हेच सांगतो, आणि त्याला आपण सोडत नाही.

सनदी लेखापालाकडे जरूर जावे. पण पोर्टलवरचा मोबाइल नंबर, ईमेल आणि पासवर्ड आपलाच असावा, आणि विवरणपत्र पाठवण्याआधी ओळ न् ओळ वाचावी. नोटीस आली तर ती खरी की खोटी हे तिच्यावरील क्रमांकावरून पोर्टलवर तपासता येते. नववी-दहावीच्या मुलांनी आजोबांना हे करून दाखवावे. ओटीपी मात्र आजोबांनीच टाकावा.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की जुलैतल्या एका शनिवारी शाळेचा संगणक कक्ष पालकांसाठी खुला ठेवावा. आणि मोठ्या परताव्याची हमी देणारे एकही पत्रक शाळेच्या फलकावर लागणार नाही, ही जबाबदारी आम्ही घेतो.