रिकाम्या टोपलीने परतणाऱ्यास

गेल्या महिन्यात लष्करमधील एका तरुण वाचकाचे पत्र या सदराकडे आले. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे देत नाही. पत्र गळाने मासे धरण्याच्या छंदाविषयी आहे. परंतु ते वाचीत असता, हे केवळ माशांविषयीचे पत्र नव्हे, असे वारंवार वाटत राहिले.

त्यांच्या अमेरिकास्थित मामांनी त्यांना एक सुरेख काठी, रीळ, चकचकीत पत्र्याचे खोटे मासे आणि ‘बास’ नावाचा मासा कसा धरावा याचे एक सचित्र पुस्तक पाठविले. पुस्तक त्यांनी दोनदा वाचले, आणि सलग सहा रविवार पहाटे उठून ते तिघऱ्याच्या धरणावर गेले. सहाही वेळा टोपली रिकामी आली. पत्राच्या अखेरीस ते लिहितात, ‘बँकेच्या परीक्षेत दोनदा अपयश आले. आता पाण्यावरही तेच. आई हल्ली “काही मिळाले का?” असे विचारीतसुद्धा नाही. माझ्या हाताला यशच नाही, असे समजावे काय?’

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही, तसे समजू नये. आता कारणे सांगतो.

पहिले कारण अगदी साधे आहे. तिघऱ्यात बास नाही. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा. तो पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. म्हणून त्याच्यासाठी चमकणारा, थरथरणारा खोटा मासा पाण्यातून ओढीत न्यावा लागतो. आपल्या कोकणातील जिताड्याला इंग्रजीत आशियाई सागरी बास म्हणतात खरे. पण तो खाडीचा रहिवासी, शिवाय कुळानेही निराळा. आपल्या भागातील तलावांत गळ टाकणाऱ्यास मुख्यतः भेटतात ते रोहू, कटला आणि मृगळ. हे झडप घालणारे नव्हेत, हळूहळू चरणारे मासे आहेत. गाईपुढे वाघाचे आमिष ठेवले आणि गाय आली नाही, तर तो ठेवणाऱ्याच्या हाताचा दोष कसा?

या तिघांचे खाणेही एका पातळीवरचे नाही. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. तेव्हा आमिष किती खोल सोडावे हा प्रश्न आमिष कोणते या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. मोरपिसाचा पांढरा दांडा दोरीला बांधून तरंगता ठेवावा, आणि तो वरखाली सरकवून खोली बदलीत जावी. आमिष म्हणून कणकेची घट्ट मळलेली लहान गोळी किंवा गांडूळ पुरे. आपल्या मुलखात मोहरी अमाप पिकते; तिची पेंड थोडी भाजून, कोंडा व ओली माती यांत मळून, तिचे मूठभर गोळे एकाच जागी टाकावेत आणि अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसावे. मासे तेथे गोळा होतात. मग गळ टाकावा.

ही युक्ती आजकालची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, दोरी, काठी, गळ या सर्वांची त्यात चर्चा आहे. ज्या ग्रंथात जुन्या मराठीचे काही नमुने सापडतात म्हणून आपले अभ्यासक त्याचे नाव आदराने घेतात, तोच हा ग्रंथ. एका राजालाही मासा काय खातो हे आधी शिकावे लागले होते, एवढे त्यातून घ्यावे.

दुसरे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवातून सांगतो. तरुणपणी मीही तिघऱ्यावर असाच रिकाम्या हाताने परतत असे. एके दिवशी मी काठावर दगडांवरून धाडधाड उतरून, होता होईल तितक्या दूर गळ फेकला. शेजारी एक वृद्ध केवट बसला होता. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, “बाबूजी, मछली तो यहीं किनारे पर थी. आप ही ने भगा दी.” त्यावेळी मला राग आला. पुढे कळले की माशाच्या दोन्ही अंगांना एक संवेदनरेषा असते आणि पाण्यातील बारीकशी थरथरही त्याला तिच्यामुळे समजते. पहाटे मासे उथळ पाण्यात काठाशी चरावयास येतात. नवशिक्या माणूस त्यांच्या डोक्यावरून गळ भिरकावतो आणि पायांच्या आवाजाने त्यांना पळवून लावतो. म्हणून काठावर हलके यावे, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि प्रथम जवळच गळ टाकावा.

तिसरे कारण ऋतूचे. पत्रावरून दिसते की हे सहा रविवार पौष-माघातील होते. ग्वाल्हेरच्या थंडीत पाणी गार पडते, माशाचे शरीरही त्याबरोबर गार होते, आणि त्याची भूक मंदावते. अशा दिवसांत गळ टाकायचाच तर पहाटेपेक्षा दुपारच्या उन्हात टाकावा. खरा काळ पावसाळा सरल्यानंतरचा, आणि पुन्हा फाल्गुन-चैत्राच्या सकाळचा. मे महिन्यातील उन्हात मात्र मासा खोल जातो. तेव्हा उजाडताना किंवा दिवेलागणीलाच जावे.

बारीकसारीक गोष्टीही पाहाव्यात. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहावे. ते घसरले तर बोथट आहे, कानशीने घासावे. नायलॉनची गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तेथेच कमजोर होते. तरंगता दांडा नुसता थरथरला म्हणजे काठी ओढू नये. तो बुडाला किंवा एका बाजूस चालू लागला म्हणजे ओढावी.

मामांची भेट मात्र अडगळीत टाकू नये. आपल्याकडील मरळ, ज्याला येथे हिंदीत सौल म्हणतात, तो स्वभावाने बासचा भाऊच म्हणावा. शेवाळाच्या तलावात तो दबा धरून असतो आणि श्वास घेण्यासाठी वर येतो. तेथे हे खोटे मासे किंवा रबराचा बेडूक कामी येतो. पिलांचा थवा घेऊन फिरणारा मरळ दिसला तर मात्र गळ टाकू नये; तो त्यांची राखण करीत असतो.

काही मर्यादाही पाळावयाच्या असतात. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा बंदीकाळ आहे. चंबळेवर घडियालांचे अभयारण्य आहे. तेथे गळाचे नावही काढू नये. तिघऱ्याचे पाणी शहराच्या पिण्याचे आहे, म्हणून परवानगीची चौकशी आधी करावी आणि काठावर दोरी वा कचरा टाकू नये. आपल्या भागातील जलाशयांत मगरी असतात; पाण्यात पाय सोडून बसू नये. ज्यांच्या घरी मासा चालत नाही त्यांनी गळाचा उलटा दात चिमटून बसवावा, मासा ओल्या हाताने धरावा आणि पाण्यात परत सोडावा. छंद त्यानेही पुरा होतो.

आता शेवटची गोष्ट. ज्या भिंतीजवळ आपण सहा रविवार बसलात, तिचा इतिहास आपणास ठाऊक आहे काय? सांक नदीवरील हे धरण माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१६ च्या सुमारास उभे राहिले. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्यास बसविलेले स्वयंचलित दरवाजे येथेही बसविण्यात आले. इतकी विद्या, इतका पैसा. आणि १९१७ च्या पावसाळ्यात पाणी भिंतीवरून वाहिले, भिंतीचे मोठे खंड जागचे सरकले आणि धरण फुटले. त्यात मनुष्यहानीही झाली. त्या आपत्तीची रिकाम्या टोपलीशी बरोबरी करणे मला शोभणार नाही. परंतु नंतर काय झाले ते पाहावे. ‘येथे धरण होणे नशिबातच नाही’ असे म्हणून कोणी घरी बसले नाही. दोष डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतीत शोधून भागणार नव्हते. पायाखालच्या वालुकाश्मापर्यंत जावे लागले. १९२९ मध्ये धरण पुन्हा उभे राहिले, आणि शहर आजही तेच पाणी पिते.

नशिबाला कारण समजले की शोध थांबतो. कारण शोधू लागले की नशिबाचा विचार करण्यास वेळ उरत नाही. म्हणून एक वही करावी. प्रत्येक खेपेस तारीख, वेळ, वारा, खोली आणि आमिष लिहावे, आणि पुढील खेपेस त्यांतील एकच गोष्ट बदलावी. सर्व एकदम बदलले तर कशाने साधले तेही कळत नाही आणि कशाने बिघडले तेही नाही. परीक्षेच्या अभ्यासासही अशीच एक वही करून पाहावी, एवढे वडीलकीच्या नात्याने सुचवितो.

आणि आईंविषयी. त्या विचारीत नाहीत, याचा अर्थ त्यांनी आशा सोडली असा नव्हे. आपणास उत्तर देणे जड जाते हे त्यांनी ओळखले आहे. पुढल्या रविवारी परतल्यावर त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. मासा मिळो वा न मिळो, त्या दिवशी काय कळले ते आपणच त्यांना सांगावे. आणि चैत्रात काय घडले ते या सदराला अवश्य कळवावे.