सॅक्सोफोन आणि आकडेमोड

1926 साली अमेरिकेत दोन मुले जन्मली. मार्चमध्ये न्यूयॉर्क शहरात अ‍ॅलन ग्रीनस्पॅन, सप्टेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट या छोट्या गावी जॉन कोल्ट्रेन. पहिला गोरा, दुसरा काळा. दोघांनीही मोठेपणी सॅक्सोफोन हाती घेतला. ग्रीनस्पॅन हेन्री जेरोम याच्या वाद्यवृंदाबरोबर गावोगाव फिरला. मधल्या सुट्टीत सोबती बाहेर गेले की हा अर्थशास्त्राची पुस्तके काढून बसे, आणि त्यांची आयकराची कागदपत्रेही भरून देई! पुढे वाद्य बाजूला ठेवून तो अर्थशास्त्रज्ञ झाला आणि 1987 ते 2006 अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा अध्यक्ष राहिला.

कोल्ट्रेन वाढला हाय पॉइंट या गावी. काळ्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळेत शिकला आणि जॅझच्या इतिहासातला एक फार मोठा वादक झाला. या हाय पॉइंटपासून जवळच विन्स्टन-सेलम हे शहर आहे. तिथल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या अ‍ॅलिन कॉट्रेल यांनी एक काम हाती घेतले, त्याची हकिगत आज सांगायची आहे.

अर्थशास्त्राच्या संशोधकाला आकडेमोडीशिवाय गत्यंतर नाही. मजुरी वाढली तर रोजगार घटतो का, शिक्षणाच्या एका वर्षाने मिळकत किती वाढते, अशा प्रश्नांची उत्तरे हजारो नोंदींतून काढावी लागतात. त्यासाठी लागणाऱ्या संगणकाच्या आज्ञावल्या कंपन्या विकतात. त्या महाग असतात, हे एक दुखणे. दुसरे त्याहून मोठे. पेटी बंद असते. आत हिशेब कसा झाला हे विकत घेणाऱ्यालाही पाहता येत नाही. ज्ञानाला कुलूप घातले की काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हिशेब झाकलेला राहिला की काय घडते, याचे उदाहरण ताजेच आहे. 2010 साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांवर गेले की विकास थंडावतो, सरासरी उणे 0.1 टक्क्यावर येतो, असे त्यात दाखवले होते. युरोप-अमेरिकेतल्या पुढाऱ्यांनी खर्चाला कात्री लावताना हा निबंध पुढे केला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला तेच आकडे पुन्हा जुळवून पाहायचे होते. ते काही जुळेनात. त्याने लेखकांकडून मूळ तक्ता मागवला. पाहतो तो काय, सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळीच धरलेल्या नाहीत! निवड आणि वजनाच्या आणखी काही गफलती होत्या. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी त्या दुरुस्त करून हिशेब केला, तेव्हा सरासरी 2.2 टक्के निघाली. लेखकांनी तक्ता दिला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच झाले. पण मधली तीन वर्षे तो कुणी पाहिला नव्हता.

आता कॉट्रेल यांच्याकडे वळू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील रामू रामनाथन यांनी विद्यार्थ्यांसाठी अशी एक आज्ञावली लिहिली होती. तिचा मूळ मजकूर त्यांनी खुला केला. तो घेऊन कॉट्रेल यांनी तिच्यावर इमारत चढवली, तिचे नाव ग्रेटल. इटलीतल्या अँकोना येथील रिकार्डो लुकेट्टी, ज्यांना सगळे ‘जॅक’ म्हणतात, तेही येऊन मिळाले. कॉट्रेल आणि लुकेट्टी हे अर्थशास्त्राचे शिक्षक, पण लिहीत बसले संगणकाच्या आज्ञा. असल्या कामाने बढती मिळत नाही, मिळतात ती गाऱ्हाणी.

पण फुकट वाटणे आणि मोकळे ठेवणे यात फरक आहे. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन याने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली आणि 1989 मध्ये तिचा परवाना लिहिला. त्यात मेख अशी, की आज्ञावली वापरा, उघडा, बदला, विकासुद्धा. मात्र बदललेली प्रत पुढे दिलीत तर तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर दिला पाहिजे. म्हणजे स्वामित्वहक्काचा कायदा त्याने उलटा फिरवला आणि त्याच कायद्याने दार बंद करण्याची सोय काढून घेतली. ग्रेटल याच परवान्याखाली आहे.

जॅझचे वादकही असेच करीत आले. एकाची चाल दुसरा घेतो आणि आपल्या मनाने वाजवतो. 1959 च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या नाटकातले एक साधे गाणे कोल्ट्रेनने 1960 मध्ये जवळजवळ चौदा मिनिटे वाजवले आणि पार दुसरेच करून टाकले. पण स्वामित्वाचे पैसे मिळतात ते चाल लिहिणाऱ्याला. त्या क्षणी सुचलेल्या वादनाला त्या कायद्यात जागा नव्हती. म्हणून चार्ली पार्करसारख्यांनी युक्ती काढली. जुन्या गाण्याची स्वरांची चौकट ठेवायची, वर चाल नवी बांधायची. ‘चेरोकी’ या गाण्याच्या चौकटीवर 1945 मध्ये त्याचे ‘को-को’ उभे राहिले.

तरीही जॅझला परवान्याचे संरक्षण कधी मिळाले नाही. काळ्यांच्या वस्त्यांत घडलेल्या या संगीताची पहिली रेकॉर्ड 1917 साली निघाली, ती न्यू ऑर्लिन्सच्या पाच गोऱ्या वादकांची. त्यांचा म्होरक्या निक लारोका तर जॅझ आपणच शोधले असे म्हणत असे! ड्यूक एलिंग्टनच्या कित्येक रचनांवर त्याच्या व्यवस्थापकाचे, आयर्व्हिंग मिल्सचे, नाव सहलेखक म्हणून लागले आणि पैशाचा वाटाही त्याच्याकडे गेला. या वादकांनी दार सर्वांना उघडे ठेवले. पण घेणाऱ्यानेही ते उघडेच ठेवावे, अशी अट घालण्याची ताकद त्यांच्यापाशी नव्हती. मला वाटते, अर्थशास्त्राचा अभ्यासक जॅझ आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोन्हींकडे ओढला गेला, तर या ठिकाणी तो थबकेल. देण्याचा आनंद त्याला कळतो, पण दिलेले पुढे कुणाच्या खिशात जाते हे पाहणे त्याचा पेशाच आहे.

घरात कुणी अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शिकत असेल तर त्याने चोरून उतरवलेली महाग आज्ञावली वापरू नये. ग्रेटल साध्या संगणकावरही चालते. 2009 साली तिच्या वापरकर्त्यांची पहिली परिषद स्पेनमधील बिल्बाओला भरली, तो बास्क भाषकांचा मुलूख. ग्रेटल बास्क भाषेतही उघडते. मराठीत आणायची तर परवानगी कुणाचीच मागावी लागणार नाही. ‘रिग्रेशन’ला मराठीत काय म्हणायचे, इथून मात्र आपला वाद सुरू होईल.