फोनमधली अडगळ



दिवाळीआधी माळा आवरणं हे आपल्याकडे बाईचंच काम. तुटकी परात, जुन्या गाद्या, आहेरात आलेला आणि कधीच न वापरलेला डबा, सगळं खाली काढायचं, पुसायचं आणि बहुतेक वेळा पुन्हा वरच ठेवायचं. कारण टाकायचं की ठेवायचं हे ठरवणारी आपण नसतो.

हे आठवलं ते वस्तीतल्या गेल्या बैठकीमुळे. विषय रेशन कार्डाचा होता. एका मावशींच्या फोनवर कागदाचा फोटोच निघेना, फोनमध्ये जागा नाही म्हणून. "बघ गं, काय झालंय याला," म्हणत त्यांनी फोन माझ्या हाती दिला. आत ७२ ॲप्स होती. मावशी वापरत होत्या चार. बाकीची कुणाची? खेळ नातवाचे. 'पहिल्या खरेदीला सूट' म्हणून जावयाने टाकलेली दोन. पैसे लावून खेळायचं एक मुलाचं. २०२५ च्या कायद्याने असले खेळ बंद झाले, पण ॲप तिथेच. एक झटपट कर्ज देणारं. आणि एक असं, की मावशी कुठे आहेत ते मुलाला त्याच्या फोनवर दिसावं. "काळजीनं टाकलंय त्यानं," मावशी म्हणाल्या. असेलही. पण टाकताना त्यांना विचारलं नव्हतं.

घरात नवा फोन येतो तो मुलाच्या हाती, त्याचा जुना आईकडे. चपलांपासून शिळ्या भाकरीपर्यंत जो न्याय, तोच इथेही. त्यामुळे जागा कमी, आणि सुरक्षिततेच्या सोयीही जुन्याच. २०२० पासूनच्या अँड्रॉइडमध्ये काही महिने न वापरलेल्या ॲपला दिलेल्या परवानग्या फोन आपणहून काढून घेऊ शकतो. त्याआधीच्या फोनवर ही सोय मुळात नव्हती.

परवानगी हा यातला कळीचा शब्द. ॲप आपण उघडत नाही म्हणजे ते झोपलेलं आहे, असं नाही. एकदा 'हो' म्हटलं की आपले संपर्क, फोटो, आपण कुठे आहोत, हे त्याला मिळू शकतं. कर्जाच्या ॲप्सनी हा धंदा कसा केला, ते आपल्यापैकी कितीजणींनी सोसलं आहे! हप्ता थकला की फोनमधल्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना बदनामीचे निरोप, बाईचा फोटो विद्रूप करून पाठवण्याच्या धमक्या. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या ॲप्सना संपर्कयादी आणि फोटोंना हात लावायला मनाई केली. पण जी ॲप्स मुळातच बेकायदेशीर आहेत ती नियम कशाला पाळतील? अशी फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तक्रार करा. लाज त्यांना वाटायला हवी, आपल्याला नाही.

शिकलेल्या, पगारदार मैत्रिणींनी 'हे वस्तीतलं आहे' म्हणून पान उलटू नये. पाळीच्या तारखा नोंदवणारं 'फ्लो' नावाचं ॲप जगभरच्या लाखो बायका वापरतात. खाजगी ठेवू असं सांगूनही त्यांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्यावर ठेवला आणि २०२१ मध्ये तडजोडीत त्याला बंधनं घातली. पाळी आली हे घरात आपण कुजबुजून सांगतो, आणि इथे बाजारात!

नको असलेली सगळीच ॲप्स आपल्याला काढताही येत नाहीत. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, ते याच रागातून. फोन निकृष्ट, जागा अपुरी, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत. तो कामाचाच प्रश्न होता.

आता काढायचं कसं? चिन्ह पडद्यावरून ओढून टाकलं म्हणजे ॲप गेलं, असा अनेकींचा समज असतो. जातं ते फक्त चिन्ह. आधी ॲपमध्ये शिरून खातं बंद करायचं, दरमहा पैसे कापले जात असतील तर ते थांबवायचं, मग चिन्ह दाबून धरून 'अनइन्स्टॉल' करायचं. फोनबरोबर आलेली काही ॲप्स निघत नाहीत, पण 'डिसेबल' करता येतात. काय वापरात नाही ते प्ले स्टोअरमध्येच दिसतं. कामाला अर्धा तास पुरतो.

पण एका ठिकाणी घाई नको. हे मी चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी माझ्याकडे आली. नवऱ्याने तिच्या फोनमध्ये तिचा माग काढणारं ॲप टाकलं होतं. मी संतापले आणि तिथेच ते काढून टाकलं, वर तिला दोन शब्द धीराचेही सांगितले. त्याच्या फोनवर तिचं ठिकाण दिसेनासं झालं, हे त्याला तासाभरात कळलं. त्या रात्री तिने मार खाल्ला. संताप माझा होता, किंमत तिने मोजली. समाजकार्याची पदवी घेऊनही मला हे सुचलं नाही, याची टोचणी अजून आहे. तेव्हा घरात मारहाण असेल, पाळत असेल, तर आधी दुसऱ्या सुरक्षित फोनवरून संस्थेशी किंवा १८१ शी बोला. कुठे जायचं ते ठरवा. शक्य असेल तर त्या ॲपचे, धमक्यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून विश्वासातल्या बाईकडे ठेवा. तो पुरावा आहे. मग हात लावा.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या, सगळ्यांच्या हाताळणीतल्या फोनपर्यंत तो हक्क पोचायचा आहे. 'आईच्या फोनला कसला आलाय पासवर्ड' हे वाक्य पुरोगामी घरांतही ऐकू येतं.

मावशींच्या फोनमधली ४१ ॲप्स आम्ही दोघींनी मिळून काढली. प्रत्येकाला त्या विचारत होत्या, "हे काढलं तर कुणी रागावेल का?" नातवाचा एक खेळ त्यांनी हट्टाने ठेवला. माग काढणाऱ्या ॲपवर बोट नेलं तशा थांबल्या. "याचं मी त्याच्याशी बोलते आधी," म्हणाल्या. परवा भेटल्या तेव्हा बोलणं झालेलं नव्हतं. रेशन कार्डाचा फोटो मात्र निघाला.