तलवार कोणाच्या हाती?

ब्रिटनच्या आर्थर राजाची दंतकथा मुलांना ठाऊक असेल. दगडात रुतलेली तलवार त्यानेच उपसली. का? तर तो राजाचा मुलगा! थॉमस मॅलरीच्या, १४८५ साली छापलेल्या ग्रंथात गॅरेथ राजवाड्याच्या मुदपाकखान्यात राबतो, अंगाला स्वयंपाकघराचा वास येतो म्हणून टोमणे खातो. शेवटी तोही राजपुत्रच निघतो. म्हणजे पराक्रमालाही जन्माचा दाखला हवाच!

२०२१ साली स्वप्ना कृष्णा व जेन नॉर्दिंग्टन यांनी संपादिलेल्या ‘स्वोर्ड स्टोन टेबल’ या इंग्रजी कथासंग्रहात याच दंतकथा नव्याने लिहिल्या गेल्या. स्त्रिया आणि गोरेतर माणसे त्यांत नायक झाली.

आम्ही म्हणतो, मुलांना जादूच्या गोष्टी जरूर सांगा. पण गॅरेथ खरोखरच स्वयंपाक्याचा मुलगा असता तर? हेही त्यांना विचारा.